कपाटात मोजकं, अंगावर नेटकं

तुमच्या कपाटात एकूण किती कपडे आहेत? अंदाज नको, आकडा सांगा. नाही ना सांगता येत? बँकेतली शिल्लक आपल्याला पाठ असते, मोबाइलवर किती डेटा उरलाय तेही माहीत असतं. पण ज्या कपाटासमोर आपण रोज सकाळी दहा मिनिटं उभे असतो, त्याच्या पोटात काय दडलंय याचा पत्ता नसतो. आणि तरीही डायलॉग ठरलेला, ‘घालायला काहीच नाहीये यार!’

हिंजवडीत आयटी कंपनीत नोकरी करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला मी हाच प्रश्न विचारला. ती बेफिकीरपणे म्हणाली, ‘असतील साठ-सत्तर.’ मग एका रविवारी आम्ही दोघींनी बसून मोजले. ओढण्या, लेगिंग्ज, जॅकेट्स सगळं धरून आकडा निघाला १४३! त्यातले गेल्या महिन्याभरात अंगावर चढलेले किती? २६. अकरा कपड्यांना तर अजून दुकानाचं लेबल लटकत होतं. म्हणजे ११७ पाहुणे तिच्या वन बीएचकेमध्ये भाडं न देता मुक्कामाला होते. आणि वन बीएचकेचं भाडं किती आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तर दोस्तांनो, या आठवड्याचा विषय आहे मिनिमलिस्ट वॉर्डरोब. म्हणजे कपडे थोडेच, पण सगळे घालण्यासारखे आणि एकमेकांशी जुळणारे. ही आयडिया काही कालची नाही. १९७० च्या दशकात लंडनमध्ये बुटीक चालवणाऱ्या सूझी फॉ यांनी ‘कॅप्सूल वॉर्डरोब’ हा शब्द रूढ केला. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डिझायनर डोना कॅरन यांनी नोकरदार बायकांसाठी अवघ्या सात कपड्यांचं कलेक्शन आणलं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या कोर्टनी कार्व्हर यांनी तीन महिने फक्त ३३ वस्तूंवर काढायचं चॅलेंज सुरू केलं आणि जगभर लोक कपाटं उपसून बसले.

पण मला विचाराल, तर कपाट समजून घ्यायला लंडन-न्यूयॉर्कची गरज नाही. पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडा आणि सकाळी यवतमाळला उतरा. हो, मी यवतमाळची आहे, त्यामुळे थोडा पक्षपात होणारच. पण कपड्यांचा विषय निघाला, की कापसाच्या जिल्ह्यात जावंच लागतं. तुमच्या माझ्या कपाटाचं दुसरं टोक तिथे आहे.

जीन्सचं माहेर

यवतमाळची ओळखच कॉटन सिटी. काळी कसदार जमीन, जून-जुलैत पावसाच्या भरवशावर पेरणी आणि दिवाळीच्या आगेमागे पांढरीशुभ्र फुटलेली बोंडं. पहिल्या वेचणीआधी शेतात ‘सीतादही’ करतात. दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, कपाशीची पूजा करायची आणि मगच वेचायला हात लावायचा. वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी, कुठेही जा, हंगामात कापसाच्या गाड्या आणि जिनिंगचा आवाज तुमची सोबत सोडत नाही.

इंग्रजांना या कापसाची एवढी ओढ, की त्यासाठी यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी नॅरोगेज लाइन टाकली गेली. तीच आमची लाडकी शकुंतला. आता ती बंद आहे, पण तिची गंमत ऐका. तिला ओढणारं वाफेचं इंजिन मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं. ते १९२३ मध्ये कामाला लागलं आणि १९९४ पर्यंत धावलं. आमचा कापूस मँचेस्टरकडे आणि मँचेस्टरचं इंजिन आमच्या रुळावर! एक वस्तू ७१ वर्षं वापरायची, हा धडा त्या इंजिनाकडूनही घ्यायला हरकत नाही.

आणखी एक. यवतमाळच्या लोहारा औद्योगिक वसाहतीत १९९६ पासून रेमंडचा डेनिमचा कारखाना आहे. म्हणजे कॉलेजात असताना आम्ही दत्त चौकात, मेन लाइनवर जीन्स शोधत फिरायचो, तेव्हा जीन्सचं कापड आमच्या गावाच्या वेशीवरच विणलं जात होतं. शहरात शिकायला, नोकरीला आलेल्या आमच्यासारख्या पोरापोरींइतकीच जीन्सही यवतमाळची आहे.

एका जीन्सची जन्मपत्रिका

आता जरा हिशेब करू या. गणिताला घाबरू नका, सोपा आहे.

शेतातून येतो तो कापूस. जिनिंगमध्ये त्यातली सरकी वेगळी काढली, की उरते ती रुई. एक क्विंटल कापसातून रुई निघते साधारण ३३ ते ३५ किलो, म्हणजे एक तृतीयांश. बाकी बहुतेक सरकी. तिचं तेल निघतं आणि ढेप गुरांच्या पुढ्यात जाते. तुमच्या जीन्सचं वजन असतं साधारण ६५० ते ७०० ग्रॅम. सूत कातताना आणि कापड बेतताना जाणारी घट धरली, तर तिला किलोभर रुई लागते. म्हणजे शेतातला कापूस झाला तीन किलो. सुती फुल शर्टाला याच हिशेबाने जवळपास किलोभर कापूस लागतो.

आता भाव. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने लांब धाग्याच्या कापसाला जाहीर केलेला हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. किलोला ८१ रुपये. तीन किलोचे झाले २४३. मॉलमध्ये आपण जीन्सला अडीच-तीन हजार मोजतो, त्यात कापसाचा वाटा हा एवढा. आणि हा हमीभाव पदरात पडला तर! व्यापाऱ्याला माल दिला, की बरेचदा त्याहून कमीच हातात येतात. त्यातूनच बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणीची मजुरी असं सगळं भागवायचं.

वेचणीच्या दिवसांत यवतमाळ-पांढरकवडा रस्त्याने गेलात, तर एक दृश्य हमखास दिसेल. शेतात ओळीने वाकलेल्या बाया, कमरेला बांधलेली झोळी आणि साडीवर चढवलेला पुरुषी फुल बाह्यांचा जुना शर्ट. सुकलेल्या बोंडांची टोकं हाताला बोचतात, पऱ्हाटीने ओरखडे उठतात, म्हणून तो शर्ट. आपल्या लेखी ‘आउट ऑफ फॅशन’ झालेला कपडा तिथे कामाचा गणवेश असतो. कपड्याने करायचं मूळ काम, म्हणजे अंगाचं रक्षण, तो शर्ट चोख करत असतो.

आणि अंगावर योग्य कपडा नसला तर काय होतं, हेही याच जिल्ह्याने पाहिलंय. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात होते. त्याची कारणं अनेक निघाली. पण त्यातलं एक अगदी साधं होतं. फवारणाऱ्यांच्या अंगावर संरक्षक कपडे नव्हते. साधा शर्ट, उघडे पाय, तोंडाला फार तर दुपट्टा. ज्यांच्या कापसातून आपली कपाटं भरतात, त्यांच्याकडे गरजेचा एक कपडा नव्हता. कपड्यांवरच्या कॉलममध्ये हे लिहिणं तुम्हाला जड वाटेल, पण हा कपड्यांचाच विषय आहे.

भरलेलं कपाट आणि भरलेली खोली

भाव पडला, की यवतमाळच्या खेड्यापाड्यात आणखी एक गोष्ट होते. शेतकरी कापूस विकत नाही, घरात भरून ठेवतो. कधी वाढेल या आशेवर घरातली एक खोली, कधी चक्क झोपायची खोली, छतापर्यंत कापसाने भरते. घरातली माणसं ओसरीत झोपतात. कापूस जास्त दिवस राहिला तर अंगाला खाज सुटते, लहान मुलं रडकुंडीला येतात. इकडे आपल्या खोलीत न घातलेल्या कपड्यांनी जागा अडवलेली, तिकडे न विकलेल्या कापसाने.

इथे तुमच्यातला हुशार वाचक लगेच म्हणेल, ‘मॅडम, मग तर आपण जास्त कपडे घ्यायला हवेत! आपण खरेदी कमी केली तर कापूस कोण घेणार?’ प्रश्न रास्त आहे. माझ्या मावसभावाने, जो स्वतः दारव्ह्याकडे शेती करतो, मला हाच प्रश्न टाकला होता.

उत्तर शोधायला तुमच्या कपड्यांच्या आतल्या शिवणीतलं छोटं लेबल वाचा. स्वस्त टॉप, पार्टीचा ड्रेस, जिमचा टी-शर्ट, घडी न मोडणारी फॉर्मल पँट. काय लिहिलंय? पॉलिएस्टर. जगात तयार होणाऱ्या एकूण धाग्यांपैकी निम्म्याहून अधिक एकटं पॉलिएस्टर असतं आणि ते येतं खनिज तेलापासून. कापसाचा वाटा उरलाय साधारण पाचव्या हिश्श्याचा. सेल लागला म्हणून आपण जे ढिगाने उचलतो, त्यातल्या बऱ्याच कपड्यांचा काळ्या मातीशी संबंधच नसतो. १४३ कपड्यांच्या त्या कपाटात शंभर टक्के सुती कपडे मोजले, तर ते चाळीसही भरले नाहीत. तेव्हा कपडे निम्मे करा, पण त्यात सुती जास्त ठेवा. कापूस उत्पादकाचं त्यात नुकसान नाही.

अर्थात भाबडेपणा नको. तुम्ही कपाट आवरलं म्हणून यवतमाळात कापसाचा भाव वाढणार नाही. तो ठरतो जगाच्या बाजारात आणि दिल्लीच्या निर्णयांत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क माफ केलं आणि ती सवलत पुढे वर्षअखेरपर्यंत वाढवली, तेव्हा आमच्याकडे त्याचीच चर्चा होती. ती लढाई वेगळी आहे आणि ती कपाटात लढता येत नाही. पण ज्या वस्तूमागे कुणाचा अख्खा हंगाम गेलाय, ती दोनदा घालून कोपऱ्यात कोंबायची नाही, एवढं तर आपल्या हातात आहे.

एक अंगावर, एक दांडीवर

‘आमच्या वेळी कुठे होतं तुमचं मिनिमलिझम?’ असं घरी कुणी म्हणालं, तर वाद घालू नका. त्यांच्या वेळी तेच होतं, फक्त नाव नव्हतं. एक कपडा अंगावर, एक दांडीवर, आणि सणासुदीचा एक पेटीत, डांबराच्या गोळ्यांसोबत. साडी विरली की तिची गोधडी, गोधडी फाटली की पायपुसणं, आणि शेवटी पोतेरं. वाया काही जायचं नाही. जुने कपडे देऊन बोहारणीकडून स्टीलचा डबा घेताना आईची जी घासाघीस चालायची, ती कुठल्याही एमबीए कॉलेजात शिकवावी अशी होती.

विदर्भाच्या मातीत तर साधेपणाचे दिग्गज होऊन गेले. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा चिंध्या जोडून केलेला अंगरखा घालायचे, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत. गांधीजींनी १९२१ च्या सप्टेंबरमध्ये मदुराईत पंचा नेसायचं ठरवलं आणि पुढे १९३६ पासून ते राहिले यवतमाळच्या शेजारच्याच वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला. आजही वर्ध्याच्या मगन संग्रहालयात, ज्याचं उद्घाटन १९३८ मध्ये खुद्द गांधीजींनी केलं, खादीचं काम बघायला मिळतं. कधी तिकडे गेलात तर जरूर डोकावा.

पण एक फरक लक्षात ठेवायचा. आजीकडे दोन लुगडी होती, कारण तिसरं परवडत नव्हतं. तिची गरिबी होती, तिला आपण ‘सिंपल लाइफस्टाइल’ म्हणून फ्रेममध्ये लावायची नाही. आपल्याला तिसरं, तेरावं, तिसावं परवडतं आणि तरी आपण थांबतो, हा आपला निर्णय असतो. म्हणून तो आनंदाने घ्यावा, त्यागाचा आव आणून नाही. आवडता चमकीचा ड्रेस असेल तर ठेवा की! फक्त तो घाला.

चला, कपाट आवरू या

एक रविवार काढा. चहाचा मोठा मग, आवडती गाणी आणि एखादी स्पष्टवक्ती मैत्रीण किंवा मित्र सोबतीला घ्या. कपाटातलं सगळं, म्हणजे अगदी सगळं, पलंगावर काढा. मोजा. आकडा कागदावर लिहा. मग चार ढीग करा.

पहिला ढीग गेल्या दोन महिन्यांत घातलेल्या कपड्यांचा. हे तुमचे खरे कपडे. दुसरा सीझनचे आणि समारंभाचे, म्हणजे स्वेटर, रेनकोट, लग्नाची साडी, शेरवानी. तिसरा ढीग दुरुस्तीचा. बटण तुटलंय, शिवण उसवलीय, लांबी जास्त आहे. चौथा ढीग ‘बारीक झाले की घालीन’ आणि ‘महाग होता म्हणून ठेवलाय’ वाल्यांचा. या चौथ्या ढिगाशी भावनिक व्हायचं नाही. त्यातले पैसे केव्हाच गेले, आता फक्त जागा जातेय.

तिसरा ढीग त्याच आठवड्यात टेलरकडे न्या. ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणालात, की तो परत कपाटात गेलाच म्हणून समजा.

मग रंग ठरवा. दोन मुख्य रंग घ्या, उदाहरणार्थ नेव्ही ब्लू आणि राखाडी, किंवा काळा आणि क्रीम. त्यांच्या जोडीला दोन-तीन खेळकर रंग, जे या दोन्हींवर जातील. पॅंट, ट्राउझर, लेगिंग मुख्य रंगांत. शर्ट, कुर्ते खेळकर रंगांत. चार खालचे आणि सहा वरचे कपडे एकमेकांशी जुळले तर जोड्या किती होतात? २४! म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्याच्या हिशेबाने जवळपास महिनाभर रिपीट नाही. आणि झालाच रिपीट तर ऑफिसात कुणाच्या लक्षात येतो? परवा तुमच्या शेजारच्या डेस्कवरच्याने काय घातलं होतं, आठवतंय?

किती म्हणजे पुरे?

माझा हिशेब असा. मुलींसाठी सहा कुर्ते, चार शर्ट किंवा टॉप, दोन जीन्स, दोन ट्राउझर्स, तीन सलवार, लेगिंग किंवा पलाझो, तीन ओढण्या, तीन साड्या (त्यातली एक लग्नात मिरवण्यासारखी), एक जॅकेट, एक स्वेटर, घरात घालायचे चार आणि एक रेनकोट. झाले ३०. मुलांसाठी सहा फॉर्मल शर्ट, पाच टी-शर्ट किंवा कॅज्युअल शर्ट, तीन ट्राउझर्स, दोन जीन्स, एक कुर्ता-पायजमा, एक जॅकेट, एक स्वेटर, घरचे चार आणि रेनकोट. कुर्ता-पायजम्याचे दोन धरले तर २५. आतले कपडे, मोजे, रुमाल या हिशेबात नाहीत, ते गरजेपुरते ठेवा.

हा आकडा म्हणजे काही कायदा नाही. तुम्ही कुठे राहता त्यावर तो ठरतो. यवतमाळात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. तिथे दिवसाला दोन सुती कपडे लागतात आणि डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय गाडीला किक मारायची नाही. तिथल्या उन्हात पॉलिएस्टर म्हणजे शिक्षा. घाम शोषलाच जात नाही. मुंबईत पावसाळ्यात कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, तेव्हा दोन-चार जास्त हवेतच, आणि थोडा मिक्स धागा तिथे उपयोगी पडतो. पुण्यात हिवाळ्याच्या सकाळी बाइकवर जायचं तर जॅकेट मस्ट.

घेताना पैशाचाही हिशेब ‘दर वापरी’ करा. २,४०० रुपयांची चांगली जीन्स आठवड्यातून दोनदा, चार वर्षं घातली, तर ती सुमारे ४०० वेळा अंगावर चढली. एका वेळचा खर्च सहा रुपये. ७०० रुपयांचा सेलमधला टॉप दोनदा घालून कोपऱ्यात गेला, तर एका वेळचे ३५० रुपये. सांगा, स्वस्त कोण?

दुकानात कपडा उलटा करून बघा. टीप सरळ आहे का, दोरे लोंबताहेत का, शिवणीत माया किती सोडलीय? ‘माया’ हा टेलरचा किती गोड शब्द आहे ना? शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवायचं, म्हणजे अंग भरलं तर कपडा उसवून सैल करता येतो. रेडिमेड स्वस्त कपड्यांत माया नसते. गल्लीतल्या टेलरकडे शिवलेल्या कुर्त्यात ती असते. म्हणून वर्षातून दोन-तीन कपडे तरी कापड घेऊन शिवून बघा. मापात बसतात, टिकतात आणि एका कारागिराच्या हाताला काम मिळतं.

टिकवाल तर मोजकं पुरेल

कपडे कमी असले, की प्रत्येकाला जास्त राबावं लागतं. म्हणून निगा महत्त्वाची.

जीन्स रोज धुवायची गरज नाही. डेनिमच्या विणीत ताणा निळा आणि बाणा पांढरा असतो, म्हणून जीन्स आतून फिकट दिसते. आणि निळा रंगही धाग्याच्या वरवरच बसलेला असतो. दर धुण्याला तो थोडा उतरणारच. चार-पाचदा घातल्यावर, उलटी करून, गार पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा.

सुती शर्ट कडक उन्हात दिवसभर लटकवू नका, रंग विटतो. किंचित दमट असतानाच इस्त्री केली तर सुरकुत्या पटकन जातात. कॉलर आणि कफ आधी हाताने घासा, मग मशीनमध्ये टाका. कॉलर विरली तर शर्ट टाकायचा नाही. जुने टेलर कॉलर उसवून उलटी करून लावून देतात आणि शर्टाला दोन वर्षांचं आयुष्य मिळतं. सुई-दोरा आणि चार बटणं घरात ठेवा. बटण लावायला यूट्यूब लागत नाही, पण लागलंच तर तेही आहे. आणि हे फक्त मुलींनीच शिकायचं असं कुठेही लिहिलेलं नाही, बरं का मुलांनो!

आता उरला तो चौथा ढीग. ‘गरिबांना देऊन टाकू’ म्हणत फाटके, कळकट, एका बाहीचे कपडे पोत्यात भरून द्यायचे नाहीत. देणं म्हणजे कचरा हलवणं नव्हे. धुवा, इस्त्री करा, तुटलेली बटणं लावा आणि मगच द्या. फुल बाह्यांचे धड सुती शर्ट वेगळे काढा. तुमचं गाव कापसाच्या पट्ट्यात असेल, तर दिवाळीला जाताना ते सोबत न्या. वेचणीला जाणाऱ्या ओळखीच्या मावशीला, काकूंना विचारून द्या. चमकीच्या टॉपचा तिथे काही उपयोग नाही, या शर्टाचा आहे. बाकी जे अगदीच विरलंय, त्याची फडकी करा. किचनमधल्या टिश्यू रोलचा खर्च वाचेल.

कापून कपाटावर चिकटवा

• नवा एक आत, तर जुना एक बाहेर. अपवाद फक्त स्वतःच्या लग्नाचा!
• सेलमध्ये जाताना यादी न्या. यादीत नाही ते घ्यायचं नाही.
• आवडलेला कपडा आज घेऊ नका. दहा दिवसांनीही आठवला तर घ्या.
• नवा कपडा घरातल्या किमान तीन कपड्यांवर जायला हवा.
• किमतीआधी आतलं लेबल वाचा. धागा कोणता, ते बघा.
• सगळे हँगर एका दिशेने लावा. कपडा घातला की त्याचा हँगर उलटा. सहा महिन्यांनी जे सरळ दिसतील, त्यांना निरोप.
• दिवाळी आणि पाडवा, वर्षातून दोनदा मोजणी. आकडा मागच्यापेक्षा वाढायला नको.

माझ्या मैत्रिणीचं काय झालं, विचारताय? १४३ चे ५८ झाले. ३० वर यायला अजून वेळ आहे, पण आता तिच्या कपाटाचं दार एका हाताने लागतं आणि सकाळची ७.४० ची कंपनीची बस चुकत नाही. रिकाम्या झालेल्या कप्प्यात तिने पुस्तकं ठेवलीत. आता ती वाचते की नाही, हा वेगळ्या कॉलमचा विषय!

तर या रविवारी मोजा आणि आकडा मला कळवा. शंभरच्या पुढे गेलात तरी लाजू नका. चहा ठेवा आणि पहिला ढीग करायला घ्या.